विद्यापीठीय शिक्षणाचा जमाखर्च : भोपाळच्या संदर्भात

बारावीचा निकाल लागला की मुलाला पुढे शिकवावे की कामाला लावावे, हा प्रश्न भोपाळच्या जुन्या शहरातील अनेक घरांत उभा राहतो. बुधवारा, इतवारा, जहांगीराबाद या वस्त्यांमधून मोटारदुरुस्ती, किरकोळ दुकानदारी, जरीकाम अशा व्यवसायांवर चालणाऱ्या कुटुंबांना महिन्याला घरात येणारी एक जास्तीची कमाई फार मोलाची असते. अशा वेळी पालक महाविद्यालयात येऊन एकच गोष्ट विचारतात : फी किती? अध्यापकही बहुधा तेवढेच उत्तर देतात. परंतु फी हा विद्यापीठीय शिक्षणाच्या खर्चाचा सर्वांत लहान भाग आहे, आणि या शिक्षणात नफा होणार की तोटा हे फीवरून ठरत नाही. ते कशावरून ठरते, याचे विवेचन येथे केले आहे.

सार्वजनिक विद्यापीठाचे स्थान

भोपाळ विद्यापीठाची स्थापना १९७० मध्ये झाली. १९८८ मध्ये त्याला मौलाना बरकतुल्ला भोपाली यांचे नाव देण्यात आले. १९१५ मध्ये काबूल येथे स्थापन झालेल्या भारताच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान असलेले मौलाना त्यापूर्वी टोकियोत हिंदुस्थानी भाषेचे अध्यापन करीत होते. भोपाळचे शिक्षणाशी नाते त्याहूनही जुने आहे. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम होत्या.

असा वारसा असूनही समाजाचे चित्र वेगळे राहिले. २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशात २० वर्षांवरील लोकसंख्येत सुमारे ७ टक्के व्यक्ती पदवीधर वा पदविकाधारक होत्या. मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. सरकारी अनुदानामुळे फी मर्यादित असलेली विद्यापीठे व महाविद्यालये उपलब्ध असताना हे अंतर का पडावे, याचे एक कारण खर्चाच्या हिशोबातच सापडते.

खर्च म्हणजे काय?

शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहण्याचा विचार थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये आणि गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये पद्धतशीरपणे मांडला. दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा मुद्दा असा की, विद्यार्थ्याने शिकत असताना जी मजुरी सोडून दिली, तीही खर्चातच धरली पाहिजे. या सोडलेल्या कमाईची पावती कोणी देत नाही, म्हणून ती हिशोबाच्या वहीत येत नाही. घरातील माणसांना मात्र ती रोज जाणवते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १८ वर्षांचा एक मुलगा गॅरेजमध्ये महिना ९,००० रुपये मिळवू शकतो. तो तीन वर्षे पदवीचे शिक्षण घेतो. फी व परीक्षा शुल्क मिळून वर्षाला ८,००० रुपये आणि पुस्तके व प्रवास यांसाठी १०,००० रुपये धरले, तर तीन वर्षांचा हिशोब असा होतो :

फी व परीक्षा शुल्क : २४,००० रुपये
पुस्तके व प्रवास : ३०,००० रुपये
सोडलेली कमाई : ३,२४,००० रुपये
एकूण : ३,७८,००० रुपये

म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात फीचा वाटा जेमतेम सहा रुपये, तर सोडलेल्या कमाईचा जवळजवळ ८६ रुपये. फी पूर्ण माफ झाली तरी कुटुंबावरील भार फारसा हलका होत नाही, तो यामुळे.

परतावा आणि प्रतीक्षेची किंमत

आता जमेची बाजू पाहू. जगभरातील अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या सॅकारोपुलोस व पॅट्रिनोस यांच्या २०१८ च्या लेखात शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे कमाईत सरासरी सुमारे ९ टक्के वाढ आढळते. स्त्रियांच्या बाबतीत हा परतावा पुरुषांपेक्षा साधारण दोन टक्क्यांनी अधिक आहे. पण सरासरीत एक गोष्ट लपते, ती म्हणजे नोकरी मिळेपर्यंतचा काळ.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया’ या अहवालानुसार २५ वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारीचे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर चाळिशी ओलांडलेल्या पदवीधरांत ते दोन टक्क्यांहूनही कमी होते. याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा नाही. अखेरीस बहुतेकांना काही ना काही काम मिळते, पण मधली काही वर्षे वाट पाहण्यात जातात. या वाट पाहण्याची किंमत किती?

वरील मुलाला पदवीमुळे महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये अधिक मिळू लागले असे समजू. साध्या भागाकाराने त्याचा खर्च सव्वासहा वर्षांत भरून निघतो. परंतु आजचा रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारा रुपया सारखा नसतो. आजचा रुपया दुकानाच्या मालात घातला तर तो वाढतो. व्याज न घेणाऱ्या व न देणाऱ्या कुटुंबालाही हा विचार चुकत नाही. म्हणून पुढील रकमा वर्षाला ८ टक्के दराने आजच्या किमतीत आणल्या, तर तीन वर्षांचा खर्च सुमारे ३.२५ लाख रुपये आणि त्यानंतरच्या तीस वर्षांतील वाढीव कमाई सुमारे ५.३६ लाख रुपये होते. सौदा फायद्याचा ठरतो.

हाच मुलगा पदवीनंतर दोन वर्षे काहीही काम न करता स्पर्धा परीक्षांची वाट पाहत राहिला तर? सोडलेली कमाई वाढल्याने खर्च सुमारे ४.७८ लाखांवर जातो, आणि वाढीव कमाई उशिरा सुरू झाल्याने तिची आजची किंमत ४.६० लाखांवर येते. तोच मुलगा, तीच पदवी, तीच फी. केवळ दोन वर्षांच्या प्रतीक्षेने नफ्याचा तोटा झाला. प्रत्यक्षातील आकडे घरागणिक निराळे असतील, परंतु काळ हा फीपेक्षा महाग असतो हे सूत्र बदलत नाही.

अर्धवट सोडलेले शिक्षण

याहून मोठा तोटा मध्येच शिक्षण सोडणाऱ्याचा होतो. बँकेतील लिपिकाच्या भरती परीक्षेला पदवी लागते; दोन वर्षे शिकलेल्याला तेथे अर्ज करता येत नाही. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार चार वर्षांची रचना स्वीकारली. तीत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी सोय आहे. मध्येच थांबणाऱ्याचे नुकसान यामुळे काहीसे कमी होते. तथापि प्रमाणपत्र हाती आल्याने पदवीची दारे उघडत नाहीत, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याला तीन वर्षे टिकणे अशक्य दिसते, त्याने आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण करून मंडीदीप वा गोविंदपुरा येथील कारखान्यांकडे वळणे हा कमीपणाचा नव्हे, तर शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

मुलींचा हिशोब

घरी बसून जरीकाम करणाऱ्या मुलीची रोख कमाई थोडी असते. त्यामुळे शिक्षणासाठी तिला सोडावी लागणारी रक्कमही थोडी, आणि परतावा मात्र तुलनेने जास्त. निव्वळ हिशोबाने पाहिले तर आधी मुलीला शिकवणे अधिक किफायतशीर आहे. मात्र हा परतावा ती पुढे काम करणार असेल तरच रोखीत दिसतो. सुरक्षित प्रवास आणि घरच्यांची संमती हे प्रश्न म्हणूनच आर्थिकही आहेत.

राज्य शासनाच्या ‘गाँव की बेटी’ योजनेत बारावीत प्रथम श्रेणी मिळवणाऱ्या ग्रामीण मुलींना, तर ‘प्रतिभा किरण’ योजनेत शहरी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील तशाच मुलींना महिना ५०० रुपये, वर्षातून दहा महिने देण्याची तरतूद आहे. २०१७ च्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य मंडळाच्या परीक्षेत ७० टक्के गुण मिळवणाऱ्या, उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांची फी शासन भरते. योजनांचे नियम बदलतात, काही बंदही होतात. संशोधनासाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप नव्या विद्यार्थ्यांसाठी २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणून प्रवेशाच्या वेळीच चालू नियम पाहणे आवश्यक आहे.

अध्यापकांची भूमिका

फी ठरवणे अध्यापकांच्या हाती नाही, पण काळ वाचवणे बऱ्याच अंशी आहे. परीक्षेचा अर्ज वेळेवर भरला गेला नाही, एका विषयात अनुत्तीर्ण होऊन वर्ष गेले, तर वरील उदाहरणातील कुटुंबाचे लाखभर रुपये बुडतात. उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला पहिल्याच महिन्यात तयार करून घेणे, गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी लवकर विचारपूस करणे, सकाळच्या वर्गांनंतर अर्धवेळ काम करता येईल असे वेळापत्रक आखणे, ही कामे लहान वाटली तरी त्यांचे मोल मोठे आहे. त्याच मुलाने शिकत असताना महिना ३,००० रुपये मिळवले, तर त्याचा एकूण खर्च ३,७८,००० वरून २,७०,००० रुपयांवर येतो, आणि पदवीनंतर रिकामे बसण्याची शक्यताही घटते.

पालक फी विचारतील तेव्हा फी अवश्य सांगावी. त्याबरोबरच आणखी तीन प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावेत : मुलगा वा मुलगी अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करील का, शिकताना थोडी कमाई शक्य आहे का, आणि पदवीनंतर किती महिने थांबायची घराची तयारी आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रवेशापूर्वी मिळाली, तर घेतलेला निर्णय, मग तो महाविद्यालयाचा असो वा कामाचा, डोळसपणे घेतलेला असेल.