वातानुकूलन यंत्र आणि परवाना
उन्हाळ्यात बिदर-कलबुर्गीकडे पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि वातानुकूलन यंत्रे बसविणाऱ्या कारागिरांना मागणी येते. या कारागिरीसाठी असा वेगळा परवाना आपल्या देशात नाही. परंतु यंत्राकरिता नवी तार ओढावयाची, तर ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच केले पाहिजे. 1956 च्या वीज नियमांतील हे बंधन 2023 च्या सुरक्षा विनियमांतही कायम आहे. दिवा किंवा फ्यूज बदलण्यास मात्र मोकळीक आहे. त्याने भार वाढत नाही. मोठ्या यंत्राने तो वाढतो, बारीक तार तापते. अर्थिंग नसल्यास यंत्राचा पत्राच प्राणघातक ठरू शकतो. म्हणून काम सोपविण्यापूर्वी राज्याच्या विद्युत निरीक्षण खात्याचा परवाना आणि त्याची मुदत, दोन्ही पाहून घ्यावीत.