भिंतीतला चौथा

'घाशीराम कोतवाल'मध्ये मी भिंत होतो. प्रेक्षकांतून बघितलं तर डावीकडून चौथा. नाटकात काम केलंय म्हटलं की लोक भूमिका विचारतात आणि उत्तर ऐकून हसतात. हसोत. या नाटकात आमच्या पाठीवर सगळं उभं असतं.

नाटककार विजय तेंडुलकरांनी बारा पुणेरी बामणांची रांग लिहून ठेवली आहे. पाठ फिरवली की ती भिंत, वळली की गाणारी मंडळी, फुटली की गर्दी. दशावतार, कीर्तन, तमाशा या सगळ्यांची रीत त्यात मुरलेली. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात, ती रांग पहिल्यांदा उभी राहिली. 19 प्रयोग झाल्यावर ते करणाऱ्या संस्थेनेच नाटक बंद केलं. पेशवाईतले कारभारी नाना फडणवीस यांच्या चित्रणावरून वाद होता. पुढे 'थिएटर ॲकॅडमी'ने ते परत उभं केलं. आम्ही आपले हौशी, पुष्कळ वर्षांनी ते बसवायला घेतलेले.

पहिले आठ दिवस संवाद नाहीत, नुसतं डुलणं. वजन डाव्या पायावर, मग उजव्या, समेला टाच. खांद्याला खांदा लागलेला हवा, पण टेकायचं नाही. टेकलात तर एकाच्या तोलाबरोबर तिघं जातात. उंचीप्रमाणे उभं केलं तर रांग उतारासारखी दिसायला लागली, म्हणून उंच-बुटके मिसळले. बसवणारे मास्तर मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. पावलांच्या आवाजावरून म्हणायचे, "सातवा मागे पडतोय." सातवा खरंच मागे पडलेला असायचा.

धोतराने मात्र घात केला. दुसऱ्या प्रयोगात पाचव्याचा सोगा माझ्या टाचेखाली आला. तो डुलला, सोगा आला नाही, आमच्यात वीतभर फट पडली. फटीतून प्रेक्षकांना दिसली घाशीरामाची लेक गौरी, प्लॅस्टिकच्या बाटलीने पाणी पिताना. अठराव्या शतकातलं पुणे खदखदून हसलं. मास्तर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "फट पडायची तर तिच्यातून काय दिसेल ते आपण ठरवायचं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून सोगे आखूड आणि प्रत्येक कासोट्याला दोन सेफ्टी पिना.

ते वाक्य पुढे तालमीत कळत गेलं. परमुलखातून आलेल्या घाशीरामाची पुण्यात बेअब्रू होते, चोरीचा आळ येतो. सुडापायी तो पोटची पोर, ललितागौरी, नानांपुढे टाकतो आणि बदल्यात कोतवाली मागतो. हा सौदा खासगीतला. पण खासगी कसला? बाराजण तिथेच उभे असतात. प्रेक्षकांना आमच्या पाठी दिसतात, आमच्या कानाआड काही जात नाही. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात होता आणि 1791 मध्ये त्याला लोकांनी दगडांनी मारलं, हा इतिहास. तेंडुलकरांनी मात्र हे ऐतिहासिक नाटक नाही, असंच बजावलं होतं. मला ते पटतं, कारण भिंतीतून बघताना पेशवाई फारशी आठवत नाही. आमच्याच वाड्यातली, दाराआड दबक्या आवाजात चाललेली बोलणी आठवतात.

पोर नाहीशी होते आणि कोतवाल झालेला बाप तिला शोधत फिरतो, तिथे आमच्या बसवणुकीत भिंत प्रेक्षकांकडे तोंड करून स्थिर असते. डुलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. दुसऱ्या मिनिटाला पोटऱ्या थरथरतात. घाशीराम आमच्यासमोरून ओरडत जातो. गौरीचं काम करणारी मुलगी माझ्या मागे, हाताच्या अंतरावर उकिडवी बसलेली असते. शेवटच्या जल्लोषात नाचायचं म्हणून तिने चाळ आधीच बांधलेले, आणि ते वाजू नयेत म्हणून दोन्ही घोटे मुठीत गच्च धरलेले. तिचा श्वास माझ्या पोटरीला लागतो. बाप चौथ्यासमोर येऊन थांबतो, तोंडाकडे बघतो, आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहतो.