गोव्याचा कौल आणि त्यानंतरचे राजकारण

१९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पात्या, थोरली व धाकटी, मध्यभारतात विलीन झाल्या तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी मत विचारले नव्हते. राजेसाहेबांची करारावर सही झाली आणि रयतेचा पत्ता बदलला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही मध्यप्रदेशात विरून गेला. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले. म्हणजे ज्या राज्यात आपण गेलो, त्यातला मराठी मुलूख आपण पोहोचण्याच्या क्षणीच बाहेर पडला. तेव्हाही मतपेटी आली नाही.

ती आली गोव्यात. ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी. कौल हा शब्द तिकडे देवळातला आहे. देवाला फुले-पाकळ्या लावायच्या आणि कोणत्या बाजूची पडते ते पाहायचे. देव उत्तर देतो, पण प्रश्न माणसाने मांडलेला असतो. गोव्याच्या राजकारणात हेच निर्णायक ठरले.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्याचे ध्येय नावातच होते : गोवा महाराष्ट्रात विलीन करणे. समोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. निवडणूक जिंकली म्हणजे विलीनीकरणाला संमती मिळाली, असे एक पक्ष म्हणे. सरकार निवडणे वेगळे आणि राज्यच मोडणे वेगळे, असे दुसरा. अखेर संसदेने १९६६ साली जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबरात पायउतार झाले.

मतदान १६ जानेवारी १९६७ रोजी झाले. विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पाने, अशी चिन्हे होती. ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३ लाख १७ हजारांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. महाराष्ट्रात अनेकांना तो मराठीचा पराभव वाटला, आणि आपल्याकडच्या जुन्या मंडळींतही ही समजूत आढळते. मला ती पटत नाही.

कारण जेमतेम अडीच महिन्यांनी, मार्चअखेर, विधानसभेची निवडणूक झाली आणि तीत बांदोडकरांच्या पक्षाला १६ जागा मिळाल्या, सिक्वेरांच्या पक्षाला १२. ज्या मतदारांनी त्यांचे ध्येय नाकारले त्यांनीच त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले! कुळांचा कैवारी आणि गावोगाव मराठी शाळा काढणारा माणूस त्यांना हवा होता. मुंबईचे राज्य नको होते. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. निवडणुकीत त्या एकाच चिन्हाखाली एकत्र बांधल्या गेल्या होत्या. कौलाने त्या सुट्या केल्या.

जिंकलेल्या पक्षाच्या वाट्याला मात्र सत्ता कधीच आली नाही. धोका टळल्यावर त्याची गरज उरली नाही. ब्रिटनमध्येही असेच घडले. संघ सोडण्यासाठीच उभ्या राहिलेल्या यूकेआयपी पक्षाला २०१५ साली १२.६ टक्के मते होती. कौल मनासारखा लागल्यावर २०१७ साली १.८ टक्के राहिली.

साम्य इथे संपते. ब्रिटनमध्ये ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी ‘बाहेर’ ठरले, पण बाहेर म्हणजे कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हते. ते ठरवता ठरवता पंतप्रधान कॅमेरॉन गेले, थेरेसा मे गेल्या, आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. संघात राहण्याला ६२ टक्के मते देणारे स्कॉटलंडही ओढले गेले, आणि तिथे स्वातंत्र्याच्या मागणीने पुन्हा उचल खाल्ली. गोव्यात ‘राहणे’ ठरले, म्हणून दुसऱ्या दिवशी काही मोडावे लागले नाही. पण तिथल्या मतपत्रिकेतही एक पर्याय गाळलेला होता, स्वतंत्र राज्याचा. तो मिळायला ३० मे १९८७ पर्यंत, वीस वर्षे थांबावे लागले.

त्या वीस वर्षांत भांडण सीमेवरून भाषेवर सरकले. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद घराघरात शिरला. १९८६ साली आंदोलन रक्तरंजित झाले. बांदोडकर १९७३ साली गेले होते. त्यांच्या पक्षाला विलीनीकरणानंतरचे ध्येय सापडले ते मराठीचेच, पण तोवर सत्ता काँग्रेसकडे गेली होती. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली. त्याच कायद्यात सरकारी कामकाजासाठी मराठीचा वापर करण्याची तरतूद आहे.

कौल हरलेल्या मराठीला गोव्याच्या कायद्यात एक कलम मिळाले, आणि राजभाषेच्या दर्जाची मागणी तिथे आजही होते. कारण कोणत्या तालुक्यात फुलाला किती मते पडली हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या मतांवर पुढारी निवडून येतात. माळव्यात आपली मते कधी वेगळी मोजलीच गेली नाहीत. मराठी राहिली ती घरात, गणेशोत्सवात आणि अशा व्याख्यानमालेत.