खाडीवरचा पूल आणि आकाशातलं कृमिविवर

वसईहून भाईंदरला रस्त्यानं जायचं तर महामार्ग गाठून घोडबंदरचा वळसा घ्यावा लागतो. तीसेक किलोमीटर सहज होतात. लोकलनं मात्र नायगाव सुटलं, पूल खडखडला, पाणजू बेट मागं पडलं की भाईंदर आलंच. काठ मुळात जवळच होते, लांब होती ती वाट.

विश्वात असा पूल असेल का? सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथं पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. पण आइन्स्टाइन सांगतात, की अवकाश वस्तुमानामुळे वाकतं. १९३५ साली त्यांनी आणि रोझेन यांनी अवकाशाचे दोन भाग जोडणारा पूल कागदावर मांडला. पुढे जॉन व्हीलर यांनी त्याला ‘वर्महोल’ म्हटलं. अळीनं सफरचंद पोखरून केलेली वाट. आपण पेरू म्हणू! मराठीत हेच कृमिविवर. खाडीची उपमा मात्र इथंच सोडून देऊ. आपला पूल मधलं अंतर ओलांडतो, कृमिविवरात मधलं अंतरच आखूड झालेलं असतं.

अडचण वेगळीच निघाली. १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं, की हे विवर प्रकाश पार होण्याआधीच मिटतं. ते उघडं का राहत नाही, हे समजायला कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचं १९५५ चं समीकरण उपयोगी पडतं. नेहमीच्या पदार्थाचं गुरुत्वाकर्षण किरणांना भिंगासारखं एकत्र आणतं. विवरात शिरताना एकत्र आलेले किरण बाहेर पडताना मात्र फाकायला हवेत. त्यासाठी किरणांना दूर ढकलणारं, ऋण ऊर्जेचं द्रव्य विवराच्या गळ्याशी लागतं. १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्न यांनी माणूस जाऊ शकेल अशा विवराचा हिशेब मांडला, तेव्हा हीच अट पुढे आली.

ऋण ऊर्जा ही निव्वळ कल्पना नाही. अगदी जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ती अत्यल्प असते, असं कॅसिमिर यांचं १९४८ चं गणित सांगतं. मग विवराला ती किती लागेल? २००३ मध्ये मॅट व्हिसर, सायन कर आणि पुण्याच्या ‘आयुका’तले नरेश दधिच यांनी दाखवलं, की विवराचा आकार नीट निवडला तर अशा द्रव्याची एकूण मात्रा हवी तितकी कमी करता येते. शून्य मात्र करता येत नाही. आणि एखादं विवर उघडं ठेवील असं द्रव्य आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही.