चौथ्या मजल्यावरचा मोती

पूर्वी कुत्रा म्हटला की तो अंगणात, फार तर ओसरीवर. त्याला भाकरतुकडा घालायचा आणि त्याने रात्री भुंकायचे, एवढाच व्यवहार. आता वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहिल्या, अंगण गेले आणि कुत्रा लिफ्टमधून थेट दिवाणखान्यात आला. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर आपल्या जिल्ह्याच्या गावीही हे दृश्य आता नवे नाही. तेव्हा आज त्याविषयी थोडे बोलू.

माझा मुलगा पुण्याला कोथरूडमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी त्याने रस्त्यावर सापडलेले एक गावठी पिल्लू घरी आणले. नातीने त्याचे नाव मोती ठेवले. मी फोनवरच रागावलो. "माणसांना हलायला जागा नाही, त्यात हे कशाला?" पण नातीच्या आग्रहामुळे आठवडाभर तिकडे राहायला गेलो.

तिसऱ्याच दिवशी नात आणि मोती चेंडूसाठी ओढाताण करीत होते. मोतीचा दात तिच्या बोटाला लागला आणि रक्ताचा थेंब आला. सूनबाईंनी लगेच हळद आणली. मुलगा म्हणाला, "बाबा, अडीच महिन्यांचे पिल्लू आहे, आणि घरचेच आहे. काही होत नाही."

खरे सांगतो, क्षणभर मलाही तसेच वाटले. पण लगेच उमेदवारीच्या काळात पाहिलेला एक रोगी आठवला. धडधाकट शेतकरी. त्यालाही घरचाच कुत्रा चावला होता, तोही दोन महिन्यांपूर्वी. जखम केव्हाच भरली होती. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळे आणि तो घाबरून मागे सरे. पुष्कळ वेळ तो शुद्धीवर होता, आमच्याशी बोलत होता. आम्ही काही करू शकलो नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. आजही यात फरक पडलेला नाही.

मी हळद बाजूला ठेवायला सांगितली. नातीचे बोट नळाखाली धरले आणि साबण लावून घड्याळाप्रमाणे १५ मिनिटे धुतले. पोर रडली, पण इलाज नव्हता. रेबीजचे विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरतात व तेथून मेंदूकडे जातात. साबण आणि वाहते पाणी यांनी जखमेतले पुष्कळसे विषाणू तेथल्या तेथे नष्ट होतात किंवा धुऊन जातात. हळद, चुना, तिखट यांनी ते होत नाही, उलट जखम चिडते. मग आम्ही तडक दवाखाना गाठला.

लसीची भीती नको

अजूनही अनेकांच्या मनात पोटातल्या १४ इंजेक्शनांची धास्ती आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात देतात. चावल्याचा दिवस शून्य धरला तर स्नायूतील लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि कातडीत द्यायची असल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत व तिच्याभोवती रेबीजविरोधी सीरमही द्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, हे खरे. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत उपचार लांबवायचे नसतात. उपचार आधी सुरू करायचे. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस घ्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. आमचा मोती ठणठणीत राहिला. पण रस्त्यावरचे पिल्लू, त्याची आई कोण, तिला काय झाले होते, हे कोणाला ठाऊक?

मोतीची जबाबदारी

मोती तीन महिन्यांचा होताच त्याला रेबीजची लस दिली. जनावरांचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुढचा डोस आणि मग दरवर्षी, हा क्रम चुकवायचा नाही. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसीही असतात. पिल्लांच्या पोटात जंत असतात व ते मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून पिल्लाला जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे आणि मुलांना खेळून झाल्यावर हात धुण्याची सवय लावावी. गोचिडी व पिसवा कानामागे, बोटांच्या बेचक्यात पाहाव्यात.

आपल्या ताटातले मसालेदार उष्टे त्याला घालू नये. कांदा, चॉकलेट, द्राक्षे व मनुका कुत्र्याला बाधतात. बर्फाळ मुलखातला केसाळ हस्की किंवा चपट्या नाकाचा पग आपल्या उन्हाळ्यात हाल सोसतो. आपला गावठी कुत्रा या हवेत तरतो. घरात कोणाला दमा असेल तर प्राणी आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नुसते केस झाडून भागत नाही, कारण त्रास देणारे घटक त्याच्या लाळेत व कातडीच्या कोंड्यात असतात. मांजर असेल तर गर्भवतीने त्याची विष्ठा उचलू नये. बाल्कनीला जाळीही हवी.

शेजाऱ्यांचेही पाहावे. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरावा, आणि जिन्यात व रस्त्यावर घाण झाली तर आपण उचलावी. सोसायटीला बहुमताने ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. पण नियम दाखवून भांडण्यापेक्षा जिना स्वच्छ ठेवलेला बरा.

आणि फायदा?

माझा मुलगा दिवसभर संगणकासमोर बसतो. वजन वाढलेले, साखर काठावर. "रोज चाल" म्हणून मी वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडत होतो. माझे त्याने कधी ऐकले नाही. मोती मात्र सहाच्या ठोक्याला त्याचे पांघरूण ओढतो. फ्लॅटमध्ये अंगण नाही, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ खाली न्यावेच लागते. पाऊस असो, कंटाळा असो, सबब चालत नाही. ज्या शेजाऱ्यांची नावेही ठाऊक नव्हती, ते आता थांबून चौकशी करतात. डॉक्टर बापाला जे जमले नाही, ते एका गावठी पिल्लाने करून दाखवले.

तेव्हा वाचकहो, हौस जरूर करा, पण "घरचाच आहे" या विश्वासावर विसंबू नका. मुलाच्या घरी नातीच्या लसीकरणाचे कार्ड ज्या खणात आहे, त्याच खणात आता मोतीचेही कार्ड असते. दोन्हींच्या तारखा कॅलेंडरवर एकाच लाल शाईने लिहिलेल्या आहेत. घरचा म्हणायचे, तर त्याचे एवढे तरी करायलाच हवे.