सातपुड्याचा अंजन

पोरांनो, वैशाखात आपल्या बोरी नदीत वाळू उघडी पडते, पारोळ्याच्या माळावर गवताची काडी उरत नाही. त्याच सुमाराला तापीपल्याड सातपुड्यात, यावलच्या रानात एका झाडाला लालसर पालवी फुटते. ते झाड अंजनाचं.

त्याचं पान कधी हाती लागलं तर नीट बघा. दोनच पर्णिका, बुडाशी जुळलेल्या, पंख उघडून बसलेल्या फुलपाखरासारख्या. दसऱ्याच्या आपट्याशी गल्लत करू नका हं! आपट्याचं पान एकच असतं, वरून चिरलेलं. अंजनाची दोन दळं मुळातच वेगळी.

हा अंजन रानोमाळ आपला आपण उगवतो तो फक्त भारतात, तोही कोरड्या मुलखात. खानदेशापासून पार तमिळनाडूपर्यंत. विल्यम रॉक्सबर्ग यांनी थॉमस हार्डविक या सैन्यातल्या निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून त्याला ‘हार्डविकिया बायनाटा’ हे शास्त्रीय नाव दिलं. आज हार्डविकिया या प्रजातीत ही एकच जात उरली आहे.

पण खरं नवल मातीखाली आहे. त्याची शेंग चपटी, पातळ, एका टोकाला एकच बी. उन्हाळी वाऱ्यावर ती उडत जाते आणि मुरमाड उतारावर पडते. पावसात बी रुजलं की रोप उंच व्हायची घाई करत नाही. आधी सोटमूळ खोल, ओलीपर्यंत उतरवतं. वरचा शेंडा उन्हाने किंवा गुरांच्या तोंडी गेला तरी मूळ जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतं. मला तर या झाडाचा हाच गुण सगळ्यांत थोर वाटतो.

असं सावकाश वाढलेलं लाकूड इतकं भरीव की पाण्यात टाकलं तर बुडतं. गाडीच्या चाकाचा तुंबा, नांगर, घराचे खांब, सगळ्याला ते चाले. सालीच्या वाखाचे दोर वळत. दुष्काळात पाला गुरांना जगवी.

भरपूर बी मात्र दरवर्षी धरत नाही, काही वर्षांआड धरतं. म्हणून ज्या साली शेंगा लगडतील त्या साली मूठभर वेचून ठेवा, आणि पाऊस लागला की बांधावर जागच्या जागीच पेरा. पिशवीतलं रोप उपटून लावलं तर सोटमूळ दुखावतं. पेरलेल्या जागी काटेरी कुंपण घाला आणि पहिली काही वर्षं शेळ्या तिकडे फिरकू देऊ नका.