तिशीनंतर कंबर मोजायची ती कशासाठी?

उल्हासनगरचा कॅम्प असो की बदलापूरची नवी सोसायटी, मधुमेहाविरुद्धची सरकारी मोहीम दारात येते ती आशाताईंच्या रूपाने. त्यांच्याकडे मोजायची फीत असते आणि एक ‘सीबॅक’ फॉर्म. तिशीपुढच्या प्रत्येकाला ठरलेले प्रश्न: वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला साखर-बीपी आहे का. मग कंबर. बाईची 80 सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या पुढे गेली की गुण वाढतात. एकूण गुण 4 च्या वर गेले, तर तपासणीला आधी नंबर.

वजन न विचारता कंबर का? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की आपल्याकडची बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे वजनाचा काटा कमी दाखवत असला तरी चरबी असू शकते, आणि पोटाभोवतीची चरबी कंबरेवर कळते. ‘मी काटकुळा, मला कसली साखर’ या बोलण्यात म्हणूनच दम नाही.

पुढे बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त ग्लुकोमीटरच्या पट्टीवर. आकडा 140 च्या वर दिसला तर डॉक्टरांकडे पाठवतात. एवढ्यावर मधुमेहाचा शिक्का बसत नाही. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) 6.5 किंवा त्याहून जास्त, आणि बहुधा तेही पुन्हा तपासून, मग निदान. त्यासाठी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

इथवर यंत्रणा बरी चालते. माझ्या मते गाडी अडते ती यापुढे. आशाताई दिवसा येतात, तेव्हा घरचा कमावता माणूस लोकलने मुंबईला गेलेला असतो. गोळ्या न्यायला रांगेत उभं राहायचं तर खाडा पडतो. त्यातून साखर नॉर्मल आली, की ‘झालो बरा’ म्हणून गोळी बंद! साखर गोळीमुळेच उतरलेली असते, हे कुणी नीट सांगत नाही. इकडे वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होत जातात; चप्पल चावून झालेली जखम दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

तेव्हा मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.